वाचकांचे प्रश्न : चिमटीत मावणाऱ्या भागांचा पसारा

सर्किट जोडण्याबद्दलचे प्रश्न आमच्याकडे वर्षभर येतात. पावसाळा जवळ आला की मात्र पत्रांचा सूर बदलतो आणि सर्किटपेक्षा डब्यांची चौकशी वाढते. या वेळचे सगळे प्रश्न रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी (म्हणजे चिप) असले बारीक भाग मुंबईतल्या घरात कसे ठेवावेत याबद्दलचे आहेत.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं सामान आतापर्यंत श्रीखंडाच्या दोन रिकाम्या डब्यांत राहायचं. आता डबे भरले आणि १ के चा एक रेझिस्टर शोधायला दहा मिनिटं जातात. खोली एकच आहे, कपाटात एक फळी मिळेल. छत्तीस कप्प्यांचा डबा घेऊ का? – एक विद्यार्थी, परळ

लगेच घेऊ नका. कप्प्यांचा डबा दिसायला नीटनेटका असतो, पण रेझिस्टरसाठी तो कायम अपुरा पडतो. घरगुती कामात चालणाऱ्या ई-१२ मालिकेत दर दशकाला, म्हणजे दहापटीच्या प्रत्येक टप्प्यात, रोधाच्या बारा किमती येतात : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. म्हणजे १० ओहमपासून १ मेगपर्यंत एकसष्ट किमती झाल्या (१ के म्हणजे हजार ओहम, १ मेग म्हणजे दहा लाख). छत्तीस कप्प्यांत त्या मावत नाहीत. मग एका कप्प्यात दोन-दोन किमती घातल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एक फळी असेल तर पाकिटांची पद्धत सोयीची. ३ × ४ इंची झिपलॉक पिशव्यांचा गठ्ठा घ्या. एका पिशवीत एकच किंमत. पिशव्या आडव्या न रचता ग्रंथालयातल्या जुन्या कार्डांसारख्या उभ्या लावा. पंचवीस नगांची पिशवी साधारण ५ मिमी जाड होते, म्हणजे सगळ्या एकसष्ट किमती ३१ सेंमी लांबीच्या डब्यात बसतात. डबा प्लास्टिकचा, क्लिपच्या झाकणाचा घ्या. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका फुकट मिळतो, पण पुठ्ठा दमट हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि झुरळांना त्यातला गोंद आवडतो.

सुरुवातीला एकसष्टच्या एकसष्ट किमती घ्यायची गरज नाही. पाव वॉटमधल्या या सोळा घ्या : १०, ४७, १००, २२०, ३३० आणि ४७० ओहम, १ के, २.२ के, ४.७ के, १० के, २२ के, ४७ के, १०० के, २२० के, ४७० के आणि १ मेग. ३३० ओहम, १ के, ४.७ के आणि १० के शंभर-शंभर नग, बाकीच्या पंचवीस-पंचवीस. मधली किंमत लागलीच तर दोन जोडून भागवता येतं : १० के चे दोन समांतर जोडले की ५ के मिळतो.

रेझिस्टर कागदी पट्टीवर चिकटवलेले मिळतात. पट्टी तशीच राहू द्या, घडी घालून पिशवीत सरकवा. हवा तेवढाच काढायचा आणि काढताना ओढायचा नाही, पट्टीच्या कडेला पाय कापायचा. ओढून काढला की पायाच्या टोकाला पट्टीचा गोंद राहतो. तो ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीच्या) भोकात जातो आणि पुढे कधीतरी ‘सर्किट मधूनच चालतं, मधूनच बंद पडतं’ अशी तक्रार सुरू होते. त्या वेळी गोंदाची आठवण कोणालाच होत नाही.

चिठ्ठी पिशवीवर बाहेरून न लावता आत ठेवा आणि पेन्सिलीने लिहा. जेल पेनची शाई दमट हवेत फुटते. थर्मल प्रिंटरची लेबलं दुकानाच्या बिलासारखी वर्षा-दोन वर्षांत पांढरी पडतात. चिठ्ठीवर किंमत, वॉट, किमतीत किती टक्के फरक असू शकतो आणि कधी आणला एवढं पुरे.

प्रश्न : कप्प्यांचा डबा पाठीवरच्या सॅकमध्ये होता. संध्याकाळच्या विरार लोकलच्या गर्दीत तो उलटा झाला. झाकण उघडलं नाही, तरी सगळे भाग एकमेकांत मिसळले. आता हे वेगळे कसे करू? – एक वाचक, गोरेगाव

झाकण बंद असूनही असं होतं, कारण बहुतेक स्वस्त डब्यांत झाकण आणि कप्प्यांच्या भिंती यांत मिलिमीटरभर फट असते. डायोडच्या पायाला, एसएमडी (बोर्डावर वरूनच सोल्डर करायच्या चिमुकल्या) भागाला तेवढी फट म्हणजे हमरस्ता. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेची फोम शीट मिळते. २ मिमी जाडीची झाकणाच्या मापाने कापून आतून चिकटवा, म्हणजे झाकण बंद होताना ती भिंतींवर दाबून बसेल. काढता-घालता येणाऱ्या भिंती असतील तर त्यांच्या खालच्या कडेलाही फट असते. तिथे गरम गोंदाची रेघ ओढा. अशा डब्यात आयसी मात्र ठेवू नका; का, ते खाली थर्माकोलच्या प्रश्नात सांगितलं आहे.

आता निवडण्याचं. पांढऱ्या कागदावर सगळं ओता आणि आधी आकारानुसार ढीग करा, किमतीकडे नंतर बघू.

रेझिस्टर मल्टिमीटरवरच मोजा, रंगांवर विसंबू नका. निळ्या अंगाच्या एक टक्कावाल्या रेझिस्टरवर पाच पट्ट्या असतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी, लाल, नारिंगी एकसारखे दिसतात. त्यात उलटसुलट वाचण्याचा धोका. १० के वर तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी अशा पट्ट्या असतात. तोच रेझिस्टर उलटा धरला तर तपकिरी-लाल-काळा-काळा-तपकिरी, म्हणजे १२० ओहम. दोन्ही वाचनं नियमात बसतात, त्यामुळे नुसतं बघून खरं कुठलं ते कळत नाही. १० के च्या जागी १२० ओहम लागला तर प्रवाह ऐंशीपटीहून जास्त वाढतो.

चकती कपॅसिटरवरचा आकडा हा संकेत आहे. पहिले दोन अंक तसेच घ्यायचे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं, उत्तर पिकोफॅरडमध्ये. १०४ म्हणजे १,००,००० पिको, अर्थात ०.१ मायक्रो. १०३ म्हणजे ०.०१ मायक्रो. हमखास चूक होते ती २२० वाचताना : तो २२० पिको नसून २२ पिको आहे. २२० पिको हवा असेल तर २२१ शोधा.

तीन पायांचे काळे, अर्धगोल भाग सगळ्यात त्रासदायक. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एलएम ३५ तापमापक आणि ७८एल०५ रेग्युलेटर हे तिघं एकाच साच्यातले दिसतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून मोठा करा, अक्षरं उठून दिसतात. पायांचा क्रमही गृहीत धरू नका. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर २एन ३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर.

काचेचे छोटे डायोड साधे १एन ४१४८ आहेत की झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा प्रवाह जाऊ देणारे), हे बघून सांगता येत नाही. १२ व्होल्ट आणि १ के चा रेझिस्टर यांच्याशी मालिकेत उलटा जोडा आणि डायोडवरचं व्होल्टेज मोजा. साधा असेल तर जवळजवळ पूर्ण १२ दिसतील. ५.१ चा झेनर असेल तर पाचच्या आसपास थांबेल. पारदर्शक अंगाचे एलईडी सीआर २०३२ सेलला क्षणभर टेकवले की आपापला रंग दाखवतात.

एवढं करून जे ओळखता येत नाही ते टाकून द्या. दोन रुपयांच्या भागासाठी पुढे सर्किटवर तीन तास घालवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : समुद्र घरापासून दोन इमारती पलीकडे. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या भागांचे पाय काळपट, मळकट झालेत. सोल्डर गोळा होऊन घरंगळतं, चिकटत नाही. सगळं फेकायचं का? – एक वाचक, वर्सोवा

फेकायचं काही नाही, पायच साफ करायचे आहेत. पायावर कथिलाचा पातळ मुलामा असतो. दमट, खारट हवेत त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि वितळलेलं सोल्डर त्या थराला धरत नाही. चारशे नंबरचा पॉलिशपेपर दुमडून पाय त्यातून दोनदा ओढा, लगेच फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं द्रव्य) लावा, आधी पायावर सोल्डरचा पातळ हात द्या आणि मग बोर्डात बसवा. आयसीच्या पायांना पॉलिशपेपर लावू नका, शाळेतला खोडरबर पुरतो. खरवडून तसेच ठेवून दिलेत तर मात्र पुढच्या पावसाळ्यात आणखी काळे होतील, कारण मुलामा गेलेला असतो.

काळेपणाचं दुसरं कारण पुष्कळदा घरातच असतं : रबर बँड. रबरात गंधक असतं आणि चांदीचा मुलामा असलेले स्विच किंवा रिलेचे संपर्क त्याने काळे पडतात. शिवाय आपल्या उकाड्यात रबर वितळून पायांना चिकटतं. भागांचे जुडगे रबराने बांधू नका. खाडीजवळ राहणाऱ्यांच्या हवेतही गंधकाचा वायू असतो, त्यामुळे त्यांनी चांदीचे संपर्क बंद पिशवीतच ठेवावेत.

साठवण बदला. डब्याच्या झाकणाला सिलिकॉनची कड हवी. न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेलं कपाट, पश्चिमेची ओल येणारी भिंत आणि पोटमाळा या तीन जागा टाळा. पोटमाळ्यावर मे महिन्यात भाजून निघतं आणि जुलैत ओल येते. भागांना दोन्ही वाईट.

सिलिका जेल किती, हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून हिशोबच देतो. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं. पाच लिटरचा डबा म्हणजे फक्त ०.१५ ग्रॅम. ५० ग्रॅम सिलिका जेल पाचेक ग्रॅम पाणी आरामात घेतं, म्हणजे भर पावसाळ्यात डबा तीसेक वेळा उघडला तरी चालेल. हा हिशोब पुठ्ठा आत नसेल तरच खरा. एक ओलसर खोका आत ठेवलात तर त्यातलंच पाणी शोषण्यात जेल संपतं. डब्यात तांदूळ घालू नका. त्याने पाणी फारसं ओढलं जात नाही, पोरकिडे मात्र येतात.

रंग बदलणारं जेल घ्यायचं तर नारिंगी घ्या, ते पाणी पिऊन हिरवट किंवा फिकं होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते गुलाबी होतं. ते विषारी असल्याने स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा भांड्यात तापवू नका. नारिंगी जेल ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कोरडं होतं. त्याहून तापवलं तर रंग जळतो आणि जेल भरलं की नाही ते दिसेनासं होतं. उन्हात वाळवून भागत नाही.

प्रश्न : रेडिओ दुरुस्तीचा जुना छंद आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे न वापरलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पेटीत सापडले. मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दाखवतो. वापरू का? – एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

काका, मायक्रोफॅरड बरोबर दिसला म्हणून कपॅसिटर ठीक आहे असं नाही. आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्याने विरत जातो. साधा मीटर फारच कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यात हे दिसत नाही. पूर्ण व्होल्टेज एकदम दिलं की गळती प्रवाह वाढतो, कपॅसिटर तापतो आणि कधी फुटतो.

डोकं फुगलेले आणि बुडाशी चिकट डाग असलेले आधीच बाजूला काढा. बाकीच्यांना ‘रिफॉर्म’ करून, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवत तो थर पुन्हा तयार करून, बघता येईल. कपॅसिटरशी १ के चा रेझिस्टर मालिकेत जोडा, ध्रुव पुन्हा तपासा, ५ व्होल्टपासून सुरुवात करा. रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजत राहा : १ व्होल्ट म्हणजे १ मिलिॲम्पिअर गळती. ते उतरून स्थिरावलं की पुरवठा थोडा वाढवा. असं करत त्याच्या अंगावर लिहिलेल्या व्होल्टेजपर्यंत न्या. १००० मायक्रो, २५ व्होल्टच्या कपॅसिटरची गळती शेवटी पाव मिलिॲम्पिअरपर्यंत, म्हणजे रेझिस्टरवर ०.२५ व्होल्टपर्यंत उतरायला हवी. तासाभरानेही उतरत नसेल तर तो गेला. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि काम झाल्यावर त्याच रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामा करा.

हे ६३ व्होल्टपर्यंतच्यांसाठी. व्हॉल्व्ह रेडिओतले ३५०-४५० व्होल्टचे घरी रिफॉर्म करू नका, नवे घाला. भरलेला तसला कपॅसिटर जीव घेऊ शकतो. त्याच रेडिओतले मेणकागदाचे कपॅसिटरही न तपासता बदला. मुंबईच्या हवेत ते ओल धरतातच, फिल्म कपॅसिटर त्यांच्या जागी चालतात. चकती आणि फिल्म प्रकारच्यांना साठवणीत असं काही होत नाही, ते बिनधास्त वापरा.

प्रश्न : मुलगा आयसी थर्माकोलच्या तुकड्यात खुपसून ठेवतो. दुकानातून एक आयसी गुलाबी पिशवीत आला, एक चंदेरी पिशवीत, एक काळ्या फोममध्ये. यात फरक काय? आणि तो घड्याळाचे सेलही त्याच डब्यात टाकतो, ते चालतं का? – एक आई, मुलुंड

सेलचं आधी. त्या डब्यातून ते आजच काढा. सुटे बटण सेल एकमेकांना किंवा कापलेल्या पायांना टेकले की शॉर्ट होऊन तापतात. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळ्या बंद डबीत, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. बटण सेल गिळला गेला तर त्रास दिसायची वाट न बघता तातडीने रुग्णालयात जायचं. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही गंभीर इजा करतो. लिथियमचे चार्ज होणारे सेल ठेवायचे असतील तर अर्धे भरलेले, ३.७ ते ३.८ व्होल्टवर.

थर्माकोलवर स्थिर वीज सहज साठते. बोटाला ठिणगी जाणवते तेव्हा व्होल्टेज तीन हजारांच्या पुढे गेलेलं असतं, आणि मॉसफेट नावाच्या ट्रान्झिस्टरच्या गेटची (एका पायाची) सहनशक्ती बहुधा २० व्होल्ट. न जाणवलेल्या ठिणगीनेही तो जातो, किंवा अर्धवट दुखावतो आणि महिन्याने दगा देतो. गुलाबी पिशवी स्वतः वीज साठवत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवत नाही आणि तिचा गुण काळाने कमी होतो. चंदेरी पिशवीतला धातूचा थर ठिणगी अडवतो. काळा फोम वीज वाहून नेतो, त्यामुळे सगळे पाय एकाच पातळीवर राहतात. पुष्कळ आयसी ठेवायला तोच उत्तम. घरात दुसरं काही नसेल तर थर्माकोलला ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळून त्यावरून आयसी खुपसला तरी काम होतं.

काळ्या फोमच्या दोन खोडी आहेत. सेल बसवलेला घड्याळाचा मॉड्यूल त्यात ठेवला तर फोममधून प्रवाह वाहून सेल उतरतो. आणि काही वर्षांनी हा फोम चुरा होतो, चिकट होतो आणि पाय गंजवतो. बोटाने दाबल्यावर परत वर येत नसेल तर बदला.

सगळ्याच भागांना एवढे लाड लागत नाहीत. मॉसफेट, ४००० मालिकेचे सीमॉस आयसी आणि मायक्रोकंट्रोलर जपा. ७८०५, साधा ५५५, रेझिस्टर यांचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे हा धोका कमी असतो, थंडीत एसी लावलेल्या खोलीत वाढतो. हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या वस्तूच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. नळ चालेल असं जुन्या पुस्तकांत असतं, पण आता इमारतींत पाइप प्लास्टिकचे आहेत.

प्रश्न : एसएमडी भागांच्या कापलेल्या पट्ट्या कशात ठेवाव्यात? – एक वाचक, दादर

नाणी जमवणाऱ्यांच्या किंवा फोटोंच्या अल्बममध्ये, एका खिशात एक पट्टी. कापताच पट्टीवर किंमत लिहा, कारण ०८०५ किंवा ०६०३ मापाच्या चिनीमातीच्या कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. पट्टीतून सांडला की तो निनावी. मोजायला फूटपट्टी पुरे : या मापांत दर ४ मिमीला एक भाग, म्हणजे १० सेंमी पट्टीत पंचवीस. पट्टी वाकवताना वरची फिल्म सुटते, म्हणून टोकाला चिकटपट्टी लावा.

प्लास्टिक अंगाचे आयसी आणि ॲड्रेसेबल (प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येणारे) एलईडी ओल शोषतात. हॉट एअरने एकदम तापवले की आतल्या पाण्याची वाफ होऊन अंगाला तडा जातो. पाकिटावर ‘एमएसएल ३’ (ओल सोसण्याची पातळी) असेल तर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत उघडल्यापासून १६८ तासांची मुदत असते. आपल्याकडे जुलैत आर्द्रता ६० टक्क्यांवर उतरतेच कुठे? उरलेले त्याच दिवशी चंदेरी पिशवीत जेलसह बंद करा.

प्रश्न : पारदर्शक कडक डब्यात ठेवलेल्या वायरी डब्याच्या तळाला चिकटल्या, तळ मऊ झाला. – एक वाचक, चेंबूर

डबा पॉलिस्टायरीनचा असणार. वायरीवरच्या पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं द्रव्य झिरपून पॉलिस्टायरीन विरघळवतं, उकाड्यात लवकर. थर्माकोललाही हेच होतं. वायरी, इन्सुलेशन टेप आणि मल्टिमीटरचे प्रोब पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दुधी डब्यांत ठेवा.

प्रश्न : नोंद वहीत ठेवावी की संगणकावर? – एक वाचक, बोरिवली

जी तुम्ही खरंच लिहाल ती. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने पुरतात : भाग, डबा-कप्पा, नग, आणि किती उरले की आणायचे. डब्यांना आकडे द्या, ओळींना अक्षरं, म्हणजे ‘३-ब’ असं लिहिता येतं. रेझिस्टरचे नग मोजत बसू नका. पिशवीतल्या शेवटच्या दहांना वेगळी छोटी पिशवी करून त्याच मोठ्या पिशवीत ठेवा. ती उघडायची वेळ आली की नाव यादीत चढवायचं. ही यादी मोबाइलमध्येही असू द्या, म्हणजे ग्रँट रोडला उतरल्यावर दुकानदार ‘और क्या?’ विचारतो तेव्हा १ के चे आणखी शंभर घरी येत नाहीत.